खुर्चीच्या टोकावर

माझे बाबा फक्त गाडीत बोलायचे.

घरात ते अगदीच मुके होते असं नाही. मान हलवायचे, टीव्हीचा आवाज कमी करायचे, जेवताना 'मीठ' म्हणायचे. पण कर्ता, कर्म, क्रियापद आणि वर एखादी शिवी असलेलं अख्खं वाक्य ऐकायचं असेल, तर रविवारपर्यंत थांबावं लागे. रविवारी सकाळी बाबा आईला घेऊन गाडीनं निघायचे. कराडहून उंब्रज, तिथून चाफळच्या रस्त्याला एका वळणावर भजी, आणि परत. काम काही नसे. आई आठवडाभर प्रश्न साठवून ठेवायची आणि डाव्या सीटवर बसून एकेक बाहेर काढायची. थोरल्या काकांशी नेमकं काय बिनसलं होतं, हे तिला लग्नानंतर कैक वर्षांनी मसूर फाट्याजवळ कळलं. मला ओवी हे नाव ठेवायचंही तिथंच कुठंतरी ठरलं होतं म्हणे.

बोलणं सुरू व्हायच्या आधी बाबांचा एक विधी असे. आधी कंबर सीटच्या पार कोपऱ्यात घुसवायची. मग ब्रेक पूर्ण दाबून बघायचा; गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे पाठीला टेकलेले असताना हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. त्यानंतर आरसे. आतल्या आरशात मागची काच अख्खी, आणि बाजूचे आरसे इतके बाहेर वळवलेले, की आपल्याच गाडीचं अंग नुकतं दिसेनासं व्हावं. "आपली गाडी आपल्याला काय बघायचीय?" ते म्हणायचे. "ती कुठं पळून चाललीय का? शेजारून कोण येतंय ते बघावं." एवढं झालं की ते एक मोठा श्वास सोडायचे, सीट त्यांना पोटात घ्यायची, आणि बाबा नावाचा माणूस सुरू व्हायचा.

हे सगळं एका सीटमुळे होतं, हे समजायला बाबांची नोकरी माहीत हवी. शशिकांत मुळीक, सेवानिवृत्त अव्वल कारकून. नोकरीत त्यांनी साहेब कितीतरी पाहिले, पण साहेबांसमोरची खुर्ची एकाच पद्धतीनं वापरली: पुढची चार बोटं. साहेब "बसा मुळीक" म्हणाले की बाबा बसायचे, म्हणजे उभं राहायचं काम पावलांकडून मांड्यांकडे सोपवायचे. पाठ टेकवणं ही वरच्या श्रेणीतली सवलत होती. गाडीची सीट ही जगातली एकमेव खुर्ची, जिच्या मागच्या अर्ध्या भागाशी त्यांची ओळख होती.

मग 'सुखासन' आलं.

कल्पना वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी फक्त संतापणार आहे. चुकीचं बसल्यामुळे माणसं मरतात, हे खरंच आहे. कोणी स्टिअरिंगला छाती लावून बसतो. एअरबॅग फुटली की ती त्याला वाचवायच्या आधी त्याच्या बरगड्या मोडते. कोणी इतका मागे रेलतो, की त्याचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत म्हैस बंपरवर पोचते. शेजारचा स्कूटरवाला आरशाच्या ज्या पट्ट्यात नाहीसा होतो, त्या आंधळ्या पट्ट्याची निम्म्या लोकांना खबरच नसते. म्हणून नव्या कायद्यानं प्रत्येक गाडीत सुखासन सक्तीचं केलं. जुन्या गाडीतही ते बसवून घ्यावं लागे. सीटच्या कापडाखाली दाब मोजणारे हजारो बारीक ठिपके असतात. छतातला कॅमेरा डोळ्यांची जागा टिपतो. डोळे कुठं आहेत हे एकदा कळलं, की आरसा किती वळवायचा हा शाळेतला भूमितीचा प्रश्न आहे. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो.

अवघड प्रश्न वेगळाच होता. या माणसाला आरामशीर कसं वाटतं? ते यंत्र विचारत बसत नाही. ते माणसाला एकदा मापनखुर्चीत बसवतं आणि बघत राहतं. ज्या स्थितीत तो सगळ्यात जास्त वेळ न हलता बसला, तीच त्याची नैसर्गिक बैठक, असं धरतं. कारण अवघडलेला माणूस चुळबुळ करतो, निवांत माणूस हलत नाही. मग त्याच्या गाडीच्या सीटमधल्या हवेच्या उशा फुगतात, आटतात, आणि त्या बैठकीचा साचा तयार होतो. गाडीत बसल्यावर त्यातून थोडेसुद्धा सरकलात, तर सीट तुम्हाला परत जागेवर आणते. तरी ऐकलं नाहीत, तर गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहते.

या तर्कात एकच भोक होतं. जो हलत नाही तो आरामात आहे, हे ज्यानं ठरवलं तो आयुष्यात कधी कुठल्या साहेबासमोर बसला नव्हता.

आमच्या तालुक्याचं मापन शिबिर एका मंगल कार्यालयात झालं. वाहन आसन प्राधिकरण नावाचं नवंकोरं खातं. त्याचे आसन निरीक्षक मापनखुर्चीच्या बरोबर समोर टेबल टाकून बसले. बाजूला पाण्याच्या बाटल्या, मागे फलक, आणि खुर्चीत बसणाऱ्यावर रोखलेला कॅमेरा. उद्घाटनाला कोणीतरी यंत्राला हळद-कुंकू लावून नारळ फोडला. त्यामुळे त्यानंतर प्रत्येकानं चपला बाहेर काढूनच आत पाऊल टाकलं. यंत्र पायात बूट आहेत असं धरून चाललं होतं. सगळ्या तालुक्याचे पाय दोन बोटं आखूड निघाले.

आणि मग लोक बसले. शिक्षक बसले, दूधवाले बसले, सोसायटीचे सचिव बसले. प्रत्येकानं आधी "नमस्कार साहेब" म्हटलं, सीटच्या पुढच्या कडेवर बूड टेकवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कॅमेरा दिसल्यामुळे श्वास रोखला. एकही जण हलला नाही. यंत्राला इतकी समाधानी जनता कुठंच भेटली नव्हती.

तालुक्यात सीटवर मागे टेकून बसणारे तीनच निघाले. त्यातले दोन पुढारी होते आणि तिसरा मंडपवाला, जो जेवणानंतर खुर्चीतच झोपला होता.

आता कोणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं? टेबल हलवलं असतं. प्राधिकरणानं शोधनिबंध लिहिला. त्याचा निष्कर्ष असा, की इथल्या लोकांची मांडी मुळातच आखूड असते, म्हणून ते सीटचा पुढचा भागच वापरतात. त्याला 'दख्खनी मांडी' असं नाव मिळालं. ती डोंगर चढण्यातून कशी उत्क्रांत झाली असावी यावर एक अख्खं प्रकरण होतं, आकृत्यांसकट. गाडी कंपन्यांनी लगेच आमच्या भागासाठी अर्ध्या खोलीची सीट काढली. फोम वाचला. जाहिरातीत लिहिलं, 'तुमच्या मातीसाठी, तुमच्या मांडीसाठी'. पिढ्यान् पिढ्या माणसं कशी बसवली गेली याचा हिशेब त्यांनी आमच्या हाडांच्या नावावर टाकला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. बसल्या बसल्या. कडेवर.

सुखासन बसवल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम मागच्या सीटवर बसले. बाबांनी सवयीनं कंबर मागे नेली. सीटमधून फुस्स असा आवाज आला, पाठीमागची उशी फुगली आणि तिनं त्यांना हळूच, एखाद्या शिपायानं दारातून बाहेर काढावं तसं पुढे ढकललं. बाबा कडेवर आले. पाठ ताठ, छाती स्टिअरिंगपासून वीतभर. आरसे आपोआप वळले.

"आपकी बैठक उत्तम है," गाडी म्हणाली. मराठी आवाज अजून आला नव्हता.

उंब्रज गेलं. बाबा बोलले नाहीत.

"अहो," आई म्हणाली, "तुमच्या त्या पाटणच्या मित्राचं काय झालं? भावाबरोबर कोर्टात गेले होते ते."

"होय," बाबा म्हणाले.

"होय काय? काय झालं विचारतेय मी."

"बघतो."

"काय बघता?"

"माहिती घेऊन सांगतो," बाबा म्हणाले. तो त्यांचा कचेरीतला आवाज होता. आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. पुढे एका टेम्पोवाल्यानं न बघता गाडी आत घुसवली. एरवी त्या टेम्पोवाल्याच्या चार पिढ्यांचा उद्धार झाला असता. बाबांनी ब्रेक दाबला, नाक स्टिअरिंगला लागता लागता राहिलं, आणि ते हळूच म्हणाले, "असू दे. त्यांना घाई असेल."

भजी न खाता आम्ही परत आलो.

त्यानंतर तो माणूस गाडीतही बंद झाला. आईनं चार-पाच रविवार प्रयत्न केला. मग तिनं प्रश्न साठवणं सोडलं. त्याच सुमारास बाबांची पाठही धरली. कडेवर ताठ बसून तासभर गाडी चालवणं हा प्रकार योगासनातही नसेल. डॉक्टर म्हणाले, मागे टेकून बसा. गाडी म्हणाली, आपकी बैठक उत्तम है.

"ओवी," एकदा आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "माझा नवरा त्या मंगल कार्यालयात राहिला. जाऊन घेऊन ये."

कायद्यात एक सोय होती. पुनर्मापन. आयुष्यात एकदाच मिळायचं आणि त्यात जी बैठक ठरेल ती कायमची. मी अर्ज केला, बोलावणं आलं, आणि अट वाचून मी हसले. नंतर हसू गेलं. अट अशी होती: पुनर्मापन आसन निरीक्षकांच्या समक्ष होईल.

म्हणजे साहेबासमोर न अवघडता बसून दाखवायचं. साहेबासमोर.

घरी तालीम सुरू झाली. डायनिंगची खुर्ची मध्ये, समोर टेबल. साहेब कोण होणार? आईनं चष्मा लावला, एक फाईल काखेत मारली आणि आतल्या खोलीतून बाहेर आली. बाबा ताडकन उभे राहिले.

"बसा मुळीक."

बाबा बसले. चार बोटं.

"अहो, मागे टेका. मी आहे, उज्ज्वला."

"होय मॅडम," बाबा म्हणाले.

आई हसली. मी हसले. बाबाही थोडे हसले. मग आई चष्मा काढून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तर ओट्याला टेकून उभी.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस माझ्यासाठी उठून उभा राहिला," ती म्हणाली. "आणि तेसुद्धा माझ्यासाठी नाही."

दुसऱ्या तालमीला मी साहेब झाले. माझं गणित असं होतं, की बाबांना राग आणायचा. रागावलेला माणूस कोणाला भीत नाही. मी टेबलावर पाय ठेवले. "मुळीक, तुमच्या अकलेचं माप घ्यायला वेगळी खुर्ची मागवावी लागेल, लहान मुलांची." बाबांचा चेहरा लाल झाला, मुठी वळल्या, आणि ते पुढे सरकले. मी आणखी बोलले. ते आणखी सरकले. शेवटी खुर्चीचे मागचे पाय उचलले गेले आणि बाबा टेबलावर आले.

यंत्राचं चुकलं नव्हतं तर. अदब आणि संताप, दोन्ही खुर्चीच्या त्याच चार बोटांवर बसतात. बाहेरून फरक कळत नाही. कदाचित म्हणूनच कचेऱ्या चालतात.

पुनर्मापनाला आम्ही साताऱ्याला निघालो. बाबा कडेवर, आई गप्प, मी मागे. प्राधिकरणाच्या कार्यालयात एका खोलीत मापनखुर्ची म्हणून गाडीचा फक्त पुढचा भाग ठेवलेला होता: दोन सीट, स्टिअरिंग, तीन आरसे. दारं नाहीत, छप्पर नाही, चाकं नाहीत. मागच्या भिंतीशी यंत्राचा पडदा. समोर टेबल, आणि टेबलामागे आसन निरीक्षक निंबाळकर साहेब. माझ्याच वयाचे असतील. त्यांची स्वतःची खुर्ची झोपाळ्यासारखी हलत होती आणि ते तिच्यात इतके रेलले होते, की टेबलावरून आधी त्यांचे बूट दिसत, मग हनुवटी.

"या काका. रिलॅक्स. हिरवा दिवा लागेपर्यंत नुसतं बसायचं. एकदम नॅचरल."

"होय साहेब," म्हणून बाबा बसले आणि दोन बोटं पुढे सरकले. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. मी आत आणून पायात घालायला लावल्या.

वेळ गेला. बाबा हलले नाहीत. गुडघ्यांवर हात, समोर नजर. साहेबांनी उठून, यंत्राला वळसा घालून मागच्या पडद्यावर पाहिलं.

"एकदम स्टेबल आहे. काका, पहिलं मापन बरोबरच होतं. तुमची ठेवणच तशी आहे. दख्खनी मांडी."

"मांडी दख्खनी नाही," मी म्हणाले. "नोकरी होती."

"मॅडम, यंत्राला नोकरी कळत नाही."

"मग तुम्हाला तरी कळते का?"

"ओवी," बाबा समोरच बघत म्हणाले. "साहेबांशी वाद घालू नको."

तेव्हा आई उठली. पर्स खांद्याला अडकवली, पदर खोचला, आणि सरळ जाऊन त्या अर्ध्या गाडीच्या डाव्या सीटवर बसली.

"काकू, तिथं बसता येत नाही."

"नियमात लिहिलंय?"

निंबाळकर साहेबांनी वर बघितलं. नियमात लिहिलेलं नव्हतं. नियम लिहिणाऱ्याच्या बायकोला त्याच्याशेजारी बसावंसं वाटलं नसेल. ते मागेच पडद्याजवळ स्टूल ओढून बसले आणि फोन बघू लागले. बाबांसमोरचं टेबल रिकामं झालं.

आईनं समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं. "तो बघा. इंडिकेटर उजवीकडे आणि वळतोय डावीकडे."

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मग आईकडे. मला वाटलं, संपलं. आई इथंच रडणार.

"ट्रॅक्टर आहे," बाबा सावकाश म्हणाले. "त्याला इंडिकेटर कुठला आलाय? त्याचा हात आहे तो."

"असू दे हात. दाखवायचा एकीकडे नि जायचं एकीकडे, ही काय पद्धत झाली?"

"उसाची ट्रॉली आहे ना मागे. तो वळत नाहीये, ट्रॉली त्याला वळवतेय." बाबा जरासे मागे सरले. सीट फुस्स करत आटली. मापनखुर्चीतली सीट माणूस सरकेल तसा आकार घेते, त्याला ढकलत नाही. "दोन ट्रॉल्या लावतात, त्याच्या आयला. मागं लाल दिवा नाही, काही नाही. रात्री माणूस सरळ उसात घुसायचा."

"तुमचा तो पाटणचा मित्र घुसला होता ना?"

"तो उसात नाही घुसला, तो भावाच्या वाटणीत घुसला," बाबा म्हणाले, आणि त्यांची पाठ टेकली.

आई एकेक विचारत गेली. पाटणच्या मित्राची कोर्टकचेरी, बांधावरचं फणसाचं झाड, वकिलानं दोन्ही भावांकडून घेतलेली फी. बाबांचा हात सुटला, उजवं कोपर जिथं खिडकी असायला हवी होती तिथं हवेत टेकलं. डोळ्यांची जागा बदलली तसे आरसे वळले. भिंतीवरच्या न दिसणाऱ्या रस्त्यानं माझे आईवडील चाफळकडे निघाले होते.

मागे निंबाळकर साहेब म्हणाले, "अरे वा! बदललं की. पूर्ण पाठ. काका, होतंय हं." मग म्हणाले, "एक मिनिट. अट पडली."

"कसली अट?" मी विचारलं.

"डाव्या सीटवर भार असेल तरच ही बैठक स्थिर राहते, असं यंत्र म्हणतंय. पूरक भार, अठ्ठावन्न किलो. म्हणजे गाडी काकांसाठी या बैठकीत चालू होईल, पण तेवढा भार डावीकडे असला तर. नाहीतर जुनी बैठक."

"पूरक भार म्हणजे मी?" आई म्हणाली.

"टेक्निकल शब्द आहे काकू."

"म्हणजे ह्यांना एकट्याला कुठं जायचं झालं तर?"

"तुम्हीच पाहिजे असं काही नाही," साहेब समजुतीनं म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता. तेच तर भयंकर होतं. "यंत्राला वजनाशी मतलब. तांदळाचं पोतं ठेवलं तरी चालेल."

आई उठली. इतक्या झटक्यात, की डावी सीट वर उसळली. पर्स छातीशी धरून ती त्या अर्ध्या गाडीशेजारी उभी राहिली. तिचा चेहरा मी असा पूर्वी पाहिलेला नव्हता. आठवड्याचे प्रश्न, काकांचं भांडण, माझं नाव, सगळं एका पोत्यात भरून कोणीतरी तोंड शिवून टाकलं होतं.

"दिवा लागला नाहीये अजून," साहेब म्हणाले. "काकू, बसा परत, नाहीतर रीडिंग जाईल."

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते पुढेही सरकले नाहीत. त्यांनी उजव्या आरशात पाहिलं. नव्यानं वळलेल्या त्या आरशात बरोबर मध्यभागी निंबाळकर साहेब होते, फोन हातात, स्टुलावरून भिंतीला रेललेले. आणि बाबांनी आजवर आरशात दिसलेल्या एकाही माणसाची गय केलेली नव्हती.

"ओ हिरो!"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं.

"तुलाच! डोळे कुठं आहेत? शेजारी बाई उभी आहे, दिसत नाही? लायसन्स कोणी दिलं तुला? पोतं म्हणतोस? अरे, त्या बाईनं पस्तीस वर्षं मला रस्ता सांगितलाय. तू काल जन्मलास आणि आज आम्हाला बसायला शिकवतोस? मांडी आखूड म्हणे! तुमच्यासारखे समोर बसलेले असले की कुणाची लांब राहील मांडी? आधी टेबल बाजूला घे, मग मोजायला ये! घुसवतात कुठंही, पुढचं बघायचं नाही, मागचं बघायचं नाही, नुसता पों पों हॉर्न! चल, हो बाजूला!"

हे सगळं ते पूर्ण पाठ टेकवून, कोपर हवेच्या खिडकीवर ठेवून, एक बोटही न हलता बोलले. आम्ही घरी तालमीत चुकलो होतो ते इथं. रागावलेला कारकून पुढे सरकतो. रागावलेला ड्रायव्हर मागे टेकतो. त्याला आरशात बघायचं असतं.

हिरवा दिवा लागला.

निंबाळकर साहेबांचा रंग उडाला होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाबांच्या पाठीकडे, मग परत पडद्याकडे. ते उठून उभे राहिले होते, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

"पूर्ण बैठक," त्यांनी वाचलं. "आराम, अत्युच्च. पूरक भार... शून्य."

"शून्य कसा?" मी विचारलं.

"काकू उठल्या तेव्हाच आधीचं सगळं रीडिंग गेलं ना. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळ न हलता बसले ते... ते आत्ताच." त्यांनी बाबांकडे बोट केलं. "बोलताना."

आई साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "माझं नाव उज्ज्वला मुळीक," ती म्हणाली. "पुढच्या बाईला पोतं म्हणायच्या आधी तिला नाव विचारा."

"हो काकू. सॉरी काकू."

बाहेर आम्ही गाडीत बसलो तोवर नवी बैठक गाडीत पोचली होती. बाबा बसले, पाठीमागची उशी आटली, सीटनं त्यांना मागे घेतलं. आणि तेव्हा त्यांना आपण काय केलं ते कळलं.

"मी साहेबांना हिरो म्हणालो?"

"हो," मी म्हणाले.

"अरेतुरे केलं?"

"लायसन्सही काढलं त्यांचं."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. ते झटकन सीटच्या कडेवर आले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. "वर जाऊन माफी मागून येतो. काही लिहून ठेवलं त्यांनी तर... पेन्शनला त्रास..."

फुस्स. मांडीखालची उशी पुढून फुगली आणि सीटनं त्यांना परत मागे आणलं. बाबा पुन्हा पुढे सरकले. सीटनं पुन्हा मागे घेतलं, या खेपेला जरा जोरात. तिसऱ्यांदा ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून निकरानं पुढे आले. दोन्ही बाजूंच्या उशा फुगल्या, त्यांना खांद्यांपाशी धरून कोपऱ्यात नेऊन बसवलं, आणि तिथंच धरून ठेवलं. कायद्यानं.

"बसा आता तसेच," आई म्हणाली.

"अगं, पण साहेब काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. पोतं म्हणे!" आई खिडकीबाहेर बघत होती, तिचा राग साताऱ्यात उतरणारा नव्हता. "मी छप्पन्न किलोची आहे. दोन किलोची पर्स होती ती. हजारो ठिपके लावलेत सीटला, पण मेल्यांना बाई कुठली आणि पर्स कुठली ते कळत नाही. गाडी काढा. आणि त्या फणसाच्या झाडाचं सांगत होतात ते पुरं करा. शेवटी फणस कोणाला मिळाले?"

बाबांनी आरशात पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"वकिलाला," ते म्हणाले, आणि गाडी निघाली.